चौथी हजेरी

शाळेची बस चालवून चालवून बाबांना खोडच लागली होती: डोकी मोजल्याशिवाय चावी फिरवायची नाही. घरच्या गाडीतही तेच. आई ‘एक’, धाकटी ‘दोन’, आजी ‘तीन’ आणि शेवटी ठोंब्याचं ‘भू’. “कुत्र्याचीसुद्धा हजेरी! काय मेलं कौतुक!” म्हणत आजी नाक मुरडायची, पण मांडी मात्र त्यालाच द्यायची. आज सहलीच्या वाटेवर त्याच मांडीवर झोपलेला ठोंब्या उठलाच नाही. “हृदय बंद पडलं, त्याला कळलंही नसेल,” अनोळखी गावातले डॉक्टर म्हणाले. त्यांच्याच आवारात, झाडाखाली त्याला मातीआड करून सगळे गाडीत बसले. “हजेरी?” बाबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. आई पुटपुटली, “एक.” धाकटीनं हुंदक्यातच “दोन” म्हटलं. आजी म्हणाली, “तीन.” बाबांनी चावी धरली, पण फिरवली नाही. मग मागच्या सीटवरून आजीनंच म्हटलं, “भू.”