बंद करणाऱ्याचं नाव

ध्रुवावरचा बर्फ मोजणाऱ्या उपग्रहाची बॅटरी एवढी म्हातारी झाली होती, की रडार आणि कॅमेरा ही पोरं तिला एकदम सांभाळवत नव्हती. संस्थेच्या वर्धापनदिनाचे पाहुणे घेऊन संचालक नियंत्रणकक्षात आले आणि यंत्रं चालवणाऱ्या बाईंना म्हणाले, "रडार बंद करा, ध्रुवाचा ताजा फोटो हवाय." "साहेब, रडार एकदा गारठलं तर पुन्हा उठायचं नाही. बर्फ किती वितळला, कसं कळणार?" "कमाल आहे! बर्फ मोजणारं यंत्र थंडीला घाबरतं?" पाहुणे खदाखदा हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असला हुकूम सोडणाऱ्यानं आधी माइकवर स्वतःचं नाव नोंदवायचं, असा नियम होता. त्यांनी माइक साहेबांपुढे सरकवला. "नाव सांगा, लगेच बंद करते." साहेब माइक बाजूला सारून सोबतच्या सहायकाला म्हणाले, "मागच्या वर्षीचाच फोटो लावा. बर्फ काय, दरवर्षी सारखाच!"