पेपरातलं प्रवाळ

वादळानंतर कौमुदीनं अंदमानच्या समुद्रात बारा दिवस बुड्या मारून प्रवाळ तपासलं होतं. निम्म्याहून जास्त मेलं होतं, आणि अहवालात तिनं तसंच लिहिलं होतं. ती रायपूरला परतली आणि दुसऱ्याच दिवशी बाबा पेपर नाचवत आले. "पोट्टीचं नाव आलं!" बातमीत तिच्या नावानं छापलं होतं, प्रवाळ ठणठणीत आहे, पर्यटकांनी खुशाल यावं. तिनं अहवाल ज्यांना दिला होता त्या साहेबांना फोन लावला. "सीझन है, मॅडम," ते थंडपणे म्हणाले. "अगली रिपोर्ट में देखेंगे." तिनं फोन ठेवला. "बाबा, हे खोटं आहे. तिथं नुसता चुरा पडलाय. मी आजच पेपरवाल्यांना खरं सांगते." बाबांनी पेपरची नीट घडी घातली. "नको सांगू, बेटा," ते हळूच म्हणाले. "सकाळपासून अख्ख्या पाऱ्यात, घरोघरी पेढे वाटून राहिलो मी." त्यांनी उरलेला पेढा तिच्या तोंडाशी धरला. तिनं तो मुकाट्यानं खाल्ला.