चौथा रकाना

"सत्तेचाळीस मिनिटं!" बाळासोनं टेबलावर हात आपटला. "माझी आय आत मरत हुती आन् ही बाई व्हिडिओ बघत हुती!"

वर्षाराणी भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात ती अकरा वर्षं सिस्टर होती. टेबलावर तिच्या निलंबनाचं पत्र टाईप होऊन पडलं होतं, फक्त सहीची जागा रिकामी. खाली जिन्यात बाळासोच्या गावची, कोडोलीहून आलेली चाळीस माणसं तिची वाट बघत होती. गरिबाची चौकशी अशीच होते. निकाल आधी, प्रश्न मागून.

"शशिधर, यांना नीट समजावून सांग," व्यवस्थापक सयाजीराव म्हणाले.

शशिधर दवाखान्याचं नेटवर्क सांभाळायचा. त्यानं कागद पुढं सरकवला. काल दुपारच्या नोंदी. तीन रकाने: कोण, कधी, किती. सिस्टरचा फोन. दोन अकरा ते दोन अठ्ठावन्न. डेटा एवढा, की व्हिडिओशिवाय दुसरं काही असूच शकत नाही.

"फोनच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही," तो म्हणाला. "बघायची गरजही नसते. एवढ्यावर माणूस उघडा पडतो."

काल खाली हॉलमध्ये वर्धापनदिन होता. पाहुण्यांचं भाषण मोबाईलवर थेट दाखवायचं होतं आणि ते सारखं अडकत होतं. नेट कोण खातंय ते शोध, म्हणून सयाजीराव खेकसले होते. शशिधरनं शोधलं. तो फोन नेटवरून बंद पाडला. भाषण पुन्हा अडकलं नाही. टाळ्या पडल्या. कागदाच्या शेवटच्या ओळीत त्यानं तेही छापलं होतं. कामाची नोंद नको?

तीन वाजून पाच मिनिटांनी वरच्या आयसीयूत, नऊ नंबरच्या काचेच्या खोलीत, बाळासोची आई धोंडुबाई गेली.

"मला बोलू द्या की," वर्षाराणी म्हणाली. "आयसीयूतल्या टेबलावरचा मोठा स्क्रीन दोनलाच गेला. सगळ्या पेशंटचे ठोके त्याच्यावरच दिसत्यात. बारा पेशंट, मी एकटी. बाकीच्या दोघींना साहेबांनी खाली नेलतं, पाहुण्यांना ओवाळायला. शशिधर, तुला तीनदा फोन केला. काय म्हणालास?"

"कार्यक्रम संपू दे," असं तो म्हणाला होता.

"ते राहू दे," सयाजीराव म्हणाले. "विषय मोबाईलचा आहे."

"मोबाईलचंच सांगतीय." ती शशिधरकडं वळली. "मी कुणाशी बोलत हुते, ते हाय का तुझ्या कागदात?"

नव्हतं. चौथा रकाना होता, पण तो कागदाच्या रुंदीत बसत नव्हता. म्हणून त्यानं तो काढून टाकला होता.

"बघ की मग!" बाळासो गुरकावला. "कोण हुता त्यो, कळू दे आमास्नी बी."

शशिधरनं लॅपटॉप उघडला. दुसऱ्या टोकाचा फोन बाहेरचा नव्हता. त्याच मजल्यावरचा, आयसीयूच्याच वायफायवरचा. वॉर्डातल्या मदतनीस बयाबाईचा.

"बयामावशी?" तो पुटपुटला.

"मावशी रक्त आणायला निघालती. तिचा फोन मागून घेतला मी. आजींच्या उशाशी, मशीनसमोर उभा करून ठेवला. दार काचेचं, बंद. आतली मशीन किती बी वरडली तरी भाईर ऐकू येत न्हाय. माझा फोन माझ्याजवळ. जाईन त्या कॉटवर घेऊन गेले. सत्तेचाळीस मिनिटं मी आजींचे ठोके बघत हुते. दुसरं काय बघितलं न्हाय. मग दोन नंबरच्या पेशंटचं हृदय थांबलं. त्याची छाती दाबत हुते, दोन्ही हात गुतलेले. तेवढ्यात फोन काळा झाला. दोन नंबरला सोडलं असतं तर त्यो मेला असता. मला वाटलं, बॅटरी गेली."

सयाजीरावांनी निलंबनाचं पत्र हळूच फाईलखाली सारलं.

शशिधरनं टेबलावरचा कागद ओढायला हात पुढं केला. बाळासोचा पंजा आधी पडला. शेतात राबलेलं जाड बोट तीन रकान्यांवरून खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं. शाळा सुटून त्याला तीस वर्षं झाली होती. तो एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचू लागला.

"दोन... अठ्ठावन्न. फोन... बंद केला. कारवाई... शशिधर."

त्यानं मान वर केली.

"शशिधर म्हंजे तुमीच न्हवं, पावणं?"