दुसरा नमुना

"नमुना भरपूर आहे हो, पण शुक्राणूंची हालचालच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किती दिवस थांबला होतात?"

मेस्त्री खुर्चीत ताठ झाले. हे कुणीतरी विचारावं अशी त्यांची इच्छाच होती. "चांगला महिनाभर! गॅरेजच्या माळ्यावर अंथरूण नेलंय. तुम्ही दोन-तीन दिवस सांगितले होते, पण थोरला भाऊ म्हणाला, साठव, जोर येईल. म्हटलं, आपल्या बाजूनं कमी कशाला पडू द्या!"

हसावं की रागवावं, बाईंना कळेना. पलीकडच्या खोलीत मेस्त्रींची बायको नुकतीच भुलीतून जागी होत होती. तिची बीजं सकाळीच काढली होती. ती बीजं काही उद्यापर्यंत थांबणारी नव्हती.

"अहो, ते काय डब्यात भरून ठेवायचं तेल आहे? साचून राहिले की आतल्या आत थकतात, मरतात."

मेस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मीच माझ्या हातानं माती केली?"

"अजून नाही. आत्ता पुन्हा नमुना द्या."

"आत्ता? बाई, टाकी रिकामी झाली."

"ती रिकामी होतच नाही. तुम्ही जेवता, झोपता, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता, तेव्हाही आत काम चालूच असतं. छातीचा एक ठोका पडतो ना, तेवढ्यात हजारभर नवे तयार होतात."

मेस्त्रींचा हात नकळत छातीवर गेला. "हजार?"

"आणि रविवारची सुट्टी नाही."

पण नमुना द्यायच्या त्या एवढ्याशा खोलीत कडी लावून बसल्यावर मेस्त्रींना घाम फुटला. भिंतीवरच्या फरशांकडे बघत राहिले. जमेना. बायकोनं महिनाभर पोटात टोचून घेतलेल्या सुया तेवढ्या आठवत होत्या. मग दारावर टकटक झाली.

"अहो, मी आहे."

"तू कशाला उठलीस? चक्कर येईल!"

"नर्सताईंनी खुर्ची दिलीय. दाराला टेकून बसलेय. एक सांगू? तुमचं घोरणं नाही कानावर, तर महिनाभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. आज काय व्हायचं ते होवो, ते अंथरूण खाली आणा."

मेस्त्रींना हसू फुटलं. हसता हसताच डोळे भरून आले, आणि सकाळपासून आवळून धरलेलं अंग कुठंतरी सैल पडलं.

पुढं थोड्या वेळानं बाईंनी दोघांनाही आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर आधी पहिला नमुना दिसला. ढीगच्या ढीग, पण जागच्या जागी. एखादाच कसाबसा शेपूट हलवत होता. मग बाईंनी खालची काच बदलली.

हे मोजकेच होते, पण काय ती धांदल! सळसळत जात होते, एकमेकांना चुकवत होते, थबकत होते, पुन्हा सुटत होते. बंद पडलेल्या गाड्या चालू करण्यात मेस्त्रींचा जन्म गेला होता. यांना कुणी किल्ली लावली नव्हती, कुणी धक्का मारला नव्हता.

"हे माझे?"

"तुमचेच. एवढे पुरेत मला. लागते कामाला."

"पण बाई, एवढ्या घाईनं कुठं जायचं, हे यांना सांगतं कोण?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं रोज बघतेय. पुरतं अजून मलाही कळलेलं नाही."

तेवढ्यात एक जण कडेनं झपकन आला आणि पडदा ओलांडून गेला. "अगं, तो बघ, तो बघ!" मेस्त्री ओरडलेच.

बायकोनं त्यांची बाही घट्ट धरली. तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

"हळू बोला ना," ती कुजबुजली. "दचकतील."