एका सुरात वीस पलंग

टण्ण! सोळावी घंटा.

"सोळा झाले गं," शिंपीणकाकू कुजबुजली आणि छाती भरून पुन्हा सुरात शिरली. तिची श्वासाची पाळी म्हणजे बोलायचीही पाळी.

मंचावरच्या चोवीस जणांनी एकच सूर धरला होता. तो तुटेपर्यंत दर मिनिटाला एक घंटा आणि घंटेगणिक एक पलंग, असा पलंगवाल्या काकांचा शब्द होता. पलंग जाणार होते रस्त्याच्या टोकाच्या घरात. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अनाथाश्रमातून बाहेर पडलेली वीस मुलंमुली तिथे फरशीवर झोपत होती.

"वीस मिनिटं?" काका हसले होते. "दहाव्यालाच माझ्या पलंगावर आडवे व्हाल!"

गाणं शिकवणाऱ्या बाईंनी महिनाभर एकच गोष्ट घोटून घेतली होती. शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही.

सतरा. "आज सकाळी अजून एक मुलगी आली म्हणे तिथे," काकूची पाळी आली. "आता एकवीस जणं झाली."

अठरा. काकूच्या शेजारणीला मंडळात सगळे 'पडेलबाई' म्हणत. लेकीकडे बघत 'पडेल, पडेल' हाच तिचा जप. आत्ताही तिचा जीव तिसऱ्या रांगेत अडकला होता. अडीच वर्षांची लेक घडीच्या खुर्चीवर उभी राहिली होती, आणि शेजारी बाप मोबाइल उंच धरून शूटिंगमध्ये दंग. खुर्ची मिटली तर? 'अहो, धरा तिला' म्हणायला तोंड मोकळं नव्हतं. तोंडात सूर होता.

टण्ण! एकोणीस!

आनंदाच्या भरात मंचावर सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला. पाळीबिळी सगळे विसरले.

घंटा ऐकू आली नव्हती ती फक्त पडेलबाईला. तिची नजर खुर्चीच्या पायांवर होती. अचानक तिला सभागृहात एकच आवाज ऐकू आला, बारीक, थरथरता. तो तिचाच होता. समोर गाण्याच्या बाईंचे हात हवेत गोठले. काका आपल्या खुर्चीच्या टोकावर आले. पडेलबाईच्या छातीत आता चमचाभर हवा उरली होती.

तेवढ्यात तिच्या आवाजाखाली काकूचा आवाज येऊन टेकला. मग मागून दुधवाल्याचा, मग नर्सचा, मग सगळ्यांचा. सूर पुन्हा एवढा भरला की खिडकीच्या काचा घुमल्या.

टण्ण! वीस!

लोक उठून उभे राहिले. बाईंनी मूठ मिटली. सूर थांबला.

पण पुरता थांबला नाही. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. तिसऱ्या रांगेत, खुर्चीवर, तोच सूर चालू होता. लेक आईकडे टक लावून, मान ताणून 'आ' धरून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"काय हो, तुटला का सूर?" शिंपीणकाकूने मंचावरूनच विचारलं.

"नाही बुवा," काका म्हणाले आणि घंटेची दोरी पुन्हा हातात घेतली.

लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. तिचा श्वास संपत आला होता.

आईने आपला भरून घेतला.