देवीचा पॉइंट

मंगळूकाका सदरा काढून स्ट्रेचरवर आडवे पडले होते. छातीला वायरी चिकटवलेल्या होत्या आणि मॉनिटरवर त्यांच्या काळजाची हिरवी रेघ थंडी भरल्यासारखी थरथरत होती.

"काका, हलू नका," संध्या म्हणाली.

"मी कुठं हालतो पोरी? मेल्यागत पडलो हाय."

अंबडच्या कारखान्यात तयार झालेली ही पहिलीच विजेवर चालणारी अ‍ॅम्ब्युलन्स. सुरगाण्याच्या दवाखान्याचे डॉक्टर आज ती बघायला निघाले होते. त्यांनी पसंत केली तर ती डोंगरात जाणार, नाहीतर शेडमध्ये धूळ खाणार. मॉनिटर नवाकोरा होता, आणि काकांचं काळीज त्याहून ठणठणीत. पण गाडीला चावी दिली रे दिली, की रेघेचा नुसता चिवडा! गाडीतल्या विजेच्या वस्तूंनी एकमेकींच्या कामात लुडबूड करू नये, हे बघणं संध्याचं काम. मोटरच्या एकेका केबलला तिनं आपल्या हातानं जाळीचं कवच चढवलं होतं.

"तुझ्या मोटरनंच घात केला," कारखान्याचे मालक सोमनाथशेठ दारातून तणतणले.

"मोटर फिरतच नाहीये सर. नुसती चावी दिलीय."

"मग काल चांगली असलेली रेघ आज का नाचते? भूत शिरलं का गाडीत?"

संध्याला राग आला. आपलं काम चोख आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ते असं दारात उभं राहून कुणी नासकं ठरवावं हे तिला सोसेना. ती रेघेकडे टक लावून बसली. थरथर यायची, थांबायची. पुन्हा यायची, पुन्हा थांबायची. हे तर एका ठेक्यात चाललं होतं.

तिनं मान वर करून काचेतून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पाहिलं. डॅशबोर्डवर वणीच्या सप्तशृंगीची तसबीर होती. तिच्याभोवती लाल-हिरव्या बारीक दिव्यांची महिरप. दिवे लुकलुकले की रेघ थरथरे. दिवे विझले की रेघ शांत.

"काका, ही आई कधी बसवली?"

"आज सकाळीच," काका खुशीत म्हणाले. ही गाडी सुरगाण्यापर्यंत चालवत न्यायची होती ती त्यांनीच. "नव्या गाडीत आई नको व्हय? समोर लाल वायर दिसली, तिलाच जोडून टाकली."

ती लाल वायर थेट मॉनिटरला जात होती.

"अहो काका! काय माणूस आहात तुम्ही!" शेठनी कपाळावर हात मारला आणि तसबिरीकडे हात नेला. "काढा ते आधी. विषय संपला."

काका वायरींसकट उठून बसले. "शेठ, आईला हात नका लावू. तिला उतरवून मी घाटात गाडी घालायचा नाय."

खरं तर संध्याच्याही मनात तेच आलं होतं. एक वायर सोडवली की सुटलो! पण तिला सुरगाण्याच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आठवल्या आणि ती म्हणाली, "राहू द्या सर."

"राहू द्या म्हणजे?"

"आज आपण काढू, उद्या तिकडचा ड्रायव्हर पुन्हा लावेल. मी त्या जीपमधून शाळेत गेलेय. आईशिवाय एक गाडी घाट चढत नाही तिकडे. आणि तेव्हा मागे काका नसतील, कुणीतरी खरंच आजारी असेल. ही रेघ बघून डॉक्टर त्याला इंजेक्शन देणार, सर."

"मग बोर्ड लाव. बाहेरचे दिवे लावू नयेत."

"त्या बोर्डावरच लावतील."

शेठना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "डॉक्टर दिंडोरीपर्यंत पोचलेत, बाई. तासाभरात इथे येतील."

"येऊ द्या."

तिनं डॅशबोर्ड उघडला. मॉनिटरच्या वायरीवरून देवीला सोडवलं. फ्यूजच्या डबीतून तिच्यासाठी वेगळी वायर ओढली, ती फेराइटच्या काळ्या रिंगमधून वेढे देऊन घेतली, पुढे फिल्टर बसवला. दिव्यांनी वायरीत केलेला सगळा गोंगाट आता तिथल्या तिथे जिरणार होता. टोकाला एक छोटं सॉकेट लावून ती म्हणाली, "हा आईचा स्वतःचा पॉइंट. सगळ्या गाड्यांत देऊ. हाताशी पॉइंट असल्यावर वायरी कोण उचकत बसतंय?"

काका पुन्हा आडवे झाले. चावी फिरली. महिरप लुकलुकू लागली, आणि पडद्यावर रेघ कशी स्वच्छ, डौलात चालली. संध्याचा ऊर भरून आला. 'सांगितलं होतं ना सर' हे अगदी ओठांवर आलं होतं. चेहऱ्यावर तर ते सगळं लिहिलेलंच होतं.

डॉक्टर रविराज आले, गाडीत चढले आणि पहिल्यांदा त्यांचं लक्ष दिव्यांकडेच गेलं. "हे लुकलुकणं बंद करा बघू आधी. मशिनजवळ असलं काही नको."

संध्या तोंड उघडणार, तोच सोमनाथशेठ पुढे झाले.

"बंद नाही करायचं डॉक्टर. ते चालू असतानाच बघा." आणि छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या इंजिनिअरनं केलंय. तुमच्या सुरगाण्याचीच आहे."

डॉक्टर पडद्यावर वाकले. बराच वेळ बघत राहिले. रेघ कुठेच चुकत नव्हती. आणि अचानक ती जोरात डगमगली.

"हे काय झालं?" डॉक्टर दचकले.

"काही नाही सर," संध्या म्हणाली. "काकांनी हात जोडले."