दहा वर्षांनंतरचे गुडघे

यंत्राच्या पडद्यावर दहा वर्षांनंतरच्या दोन कुमुदताई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. एकीनं रोज गुडघ्याचे व्यायाम केले होते, दुसरीनं नुसता शेक घेतला होता.

“आता दोघींना उठवते, म्हणजे कुठला उपचार बरा ते कळेल,” फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

व्यायामवाली कण्हत का होईना, आपली आपण उठली. शेकवालीनं सवयीनं हात वर केला. “अहो...” म्हणाली आणि एकदम गप्प झाली. हात तसाच वर राहिला. पडद्यावरच्या त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

कुमुदताईंनी पटकन वळून पाहिलं.

शेजारी त्यांचे यजमान विश्वासराव चष्मा पुसत होते. “शेकच घे गं,” ते म्हणाले. “उठवायला मी आहेच की.”

कुमुदताईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

“व्यायामच लिहून द्या,” त्या म्हणाल्या.